हनुवटीवरची खळी

गाडी आधी ऐकू आली, दिसली नंतर. डिसेंबरातलं धुकं बदनापूरच्या स्टेशनावर असं दाट उतरलं होतं की फलाटावरची ओळखीची माणसंसुद्धा अगदी जवळ येईपर्यंत परकी वाटत होती. शिवकन्या चाचपडतच डब्यात चढली. खिडकीजवळची जागा मिळाली, तशी ती रोजच्यासारखी बसली — कोपर खिडकीवर, हनुवटी तळहातावर. सत्तावीस वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ती अशी बसते हे घरच्यांच्याही लक्षात येईनासं झालं होतं. तळहात असला म्हणजे चेहऱ्याचा तो खालचा, आत गेलेला भाग झाकला जायचा.

समोर एक तरुण बसला होता. तिशीचा असावा. मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं आणि तान्ह्या बाळाला धरावं तसं त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं होतं. गाडीनं गचका दिला… पंचा घसरला… आणि आतून एक पांढराफटक चेहरा वर आला. माणसाचा चेहरा. डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले.

शिवकन्यानं पाय बाकावर ओढून घेतले.

"घाबरू नका," तो घाईघाईनं म्हणाला, "हे जिवंत हायेत."

यानं ती जास्तच घाबरली, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"म्हंजे… ज्यांचं तोंड हाये, ते. परतूरला किराणा दुकान हाये त्यांचं. मोटरसायकलवरून पडले, जबडा मोडला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला साचा लागतो. नुसतं प्लास्टर हाये."

"आन् नुसतं प्लास्टर मांडीवर घेऊन बसता व्हय?"

"खाली ठेवलं की नाक तुटतं. मागच्या बारीला एका गुरुजींचं तुटलं. परत बनवावं लागलं."

तिला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. आणि हसताना हात हनुवटीवरून निघाला.

त्यानं पाहिलं. लोक बघायचे आणि चटकन नजर वळवायचे. यानं वळवली नाही. शांतपणे, नीट पाहिलं. शिवकन्यानं हात पुन्हा जागेवर नेला.

"ऱ्हाऊ द्या ना हात खाली," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. "सॉरी… चेहरे बघायची सवय हाये मला."

"आन् मला न दाखवायची," ती म्हणाली.

मग दोघंही खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतंच, म्हणून काचेत डबाच दिसत होता — तो, त्याच्या मांडीवरचा पांढरा चेहरा, आणि ती. शिवकन्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत राहिली. काहीतरी चुकत होतं. काचेतल्या मुलीची हनुवटी लांब होती. भरलेली. तिनं हळूच बोटं लावून पाहिली — आपली तर तीच, आत गेलेली. काचेतल्या मुलीनं मात्र हात वर केला नव्हता.

तेवढ्यात जालना आलं, उजाडलं, काच नुसती काच झाली.

*

शिवकन्या जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदावर मांडलेल्या शंभर दाण्यांपैकी किती उगवले ते मोजायचं, हे तिचं काम. काम तिला आवडायचं. दिवाळीआधी कंपनीनं तिला शेतकऱ्यांसमोर बोलायला उभं केलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. लोक म्हणाले, काय छान बोललीस! तिनं तो एकदाच पाहिला. स्वतःचं एक वाक्यसुद्धा तिला ऐकू आलं नाही, बाजूनं दिसणारी ती हनुवटी तेवढी दिसत राहिली. स्थळं तीन येऊन गेली होती, पण त्यांचं तिला एवढं नव्हतं. आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये, हे तिला लागलं. तिनं स्वतः पैसे साठवले होते. घरी न सांगता ती डॉक्टर शीतलकडे गेली.

शीतल मॅडम जबड्याच्या सर्जन. त्यांनी पट्टीनं मोजलं.

"सात मिलिमीटर मागे आहे. वरचे-खालचे दात नीट जुळतात, दातांचं काही नाही. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सिलिकॉनचा तुकडा हाडावर बसवायचा. छोटं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, नाही आवडलं तर काढता येतो. पण तो कधी सरकतो, कधी तिथं पू धरतो. दुसरा रस्ता म्हणजे तुझंच हाड आडवं कापायचं, पुढं सरकवायचं आणि पट्टी-स्क्रूनं बसवायचं. ते तुझं स्वतःचं राहील, जन्मभर. पण ऑपरेशन मोठं. सूज जास्त, खालचा ओठ काही महिने बधीर. क्वचित कायमचा. आणि एकदा केलं की मागे फिरणं अवघड."

"तुमी माझ्या जागी असता तर—"

"माझ्या जागी माझी हनुवटी आहे," मॅडम हसल्या. "निवड तुझी. पण आधी दोन्ही बघून घे. एकजण चेहऱ्याचे साचे करतो. तुझे दोन करून देईल — एक या रस्त्याचा, एक त्या. घरी ठेव, येता-जाता बघ. स्कॅनही करून घे. त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर साचे होतील."

जुन्या जालन्यात एका जिन्यावरून वर गेल्यावर ती खोली होती. दार उघडलं त्यानंच. गाडीतल्यानं.

"या," तो म्हणाला आणि त्यानं पंच्याला हात पुसले. "परतूरचे गृहस्थ बरे हायेत."

"नाकासकट?"

"नाकासकट."

त्याचं नाव सोमेश्वर. मंठ्याचा. भिंतीवरच्या फळ्यांवर चाळीस-पन्नास पांढरे चेहरे मांडलेले होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले. भर दुपार होती, खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. पण दार लागलं तसा तो आवाज कुणी हातानं दाबावा तसा बंद झाला.

"तुमाला भीती न्हाई वाटत इथं?"

"न्हाई वाटायची," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आडवं व्हा. डोळे मिटा. दाताचं माप घेतात तीच पेस्ट हाये, गार लागंल. नाक मोकळं राहील. दहा मिनिटं बोलायचं न्हाई, हसायचं बिलकुल न्हाई. घाबरल्यासारखं वाटलं तर एक बोट वर करा."

पेस्ट खरंच गार होती, पुदिन्याच्या वासाची. आधी कपाळ, मग गाल, मग ओठ… शेवटी हनुवटी. सगळं काळोखात गेलं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सोमेश्वरची पावलं लांब गेली, नळ सुटला, भांडं वाजलं.

आणि तेव्हा कुणीतरी तिची हनुवटी धरली.

वरून, अंगठा आणि दोन बोटांत — लहान मुलीचं तोंड वर करून बघावं तशी. पेस्टचा इतका जाड थर होता, तरी बोटं थेट कातडीला लागत होती. थंडगार बोटं. काचेच्या बांगड्या किणकिणल्या, अगदी कानाशी. पुदिन्याच्या मागून दुसराच वास आला… जळकट, तेलकट, घशात बसणारा.

शिवकन्यानं बोट वर केलं. पाचही बोटं वर केली.

"हायेच मी, हायेच," सोमेश्वर धावत आला. साचा निघाला. ती उठून बसली, पापण्यांवर पेस्ट चिकटलेली.

"तुमच्याकडं कामाला कुणी बाई हाये का?"

"न्हाई. मी एकटाच असतो. का?"

"माझ्या हनुवटीला हात कुणी लावला?"

त्यानं स्वतःचे हात पुढं केले. कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरनं माखलेले. तिच्या चेहऱ्यावर कुठंही प्लास्टर नव्हतं.

*

साचे तयार व्हायला चार दिवस लागणार होते, लागले चौदा. सोमेश्वरचा दर दोन दिवसांनी फोन यायचा.

"पहिला झाला. दुसऱ्यात जरा अडचण हाये."

"कसली?"

"या, मंग दाखवतो."

प्रयोगशाळा सुटली की ती जिना चढायची. तो स्टोव्हवर चहा ठेवायचा, कपाला प्लास्टरचे डाग. तो तिला सांगायचा की दोन माणसांची हनुवटी कधी सारखी नसते. ती त्याला सांगायची की दोन दाणे सारखे उगवत नाहीत.

"म्हंजे आपलं काम एकच हाये," तो म्हणायचा.

"व्हय. फक्त माझे दाणे मला घाबरवीत न्हाईत."

"मी घाबरवतो का?"

"तुमी… न्हाई."

मधल्या त्या थांबण्यात दोघांनाही बरंच काही ऐकू यायचं. चहा पिताना तिचा हात हनुवटीकडे जायचा नाही, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा दहा दिवस होऊन गेले होते.

पहिला साचा सिलिकॉनचा — गोलसर, मऊ, नीटनेटका. दुसरा हाडाचा. हनुवटी लांबट, ठसठशीत. आणि तिच्या मधोमध एक खळी.

"ही काय?"

"तीच अडचण," सोमेश्वर म्हणाला. "मी न्हाई केली. मेणाची हनुवटी केली ती साफ गुळगुळीत होती. ओतली तर खळी आली. म्हणलं हवेचा बुडबुडा असंल. बुजवली, परत ओतलं, परत आली. तीनदा. बराबर त्याच जागी." त्यानं आवाज खाली आणला. "आन् एक सांगू? हसू नका. कपाटाकडं तोंड करून ठेवून जातो मी हिला. सकाळी येतो तर दाराकडं तोंड असतं."

शिवकन्या हसली नाही.

"घेऊन जाते दोन्ही," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, घरात ठेवून बघायचं."

"एकटीनं नेऊ नका. स्टेशनापर्यंत येतो मी."

तो दोन्ही चेहरे दोन काखांत धरून स्टेशनापर्यंत चालला. वाटेत माणसं वळून वळून बघत होती. तिला एरवी कुणी असं बघितलेलं खपलं नसतं. त्या दिवशी मजा वाटली.

*

घर बदनापूरच्या कडेला, मोसंबीच्या बागेला लागून. आई भोकरदनला लग्नाला गेली होती. शिवकन्यानं दोन्ही चेहरे ओसरीतल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि ती चहा टाकायला आत गेली. वडिलांना, अण्णांना, आजच सगळं सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. दिवेलागणीला बागेतून कारभारीअण्णांची पावलं वाजली. ओसरीत येऊन थांबली.

मग काहीच वाजेना.

ती बाहेर आली. अण्णा फळीपुढं उभे होते. टोपी हातात. छप्पन्न वर्षांचा तिचा बाप लहान पोरासारखा थरथरत होता.

"अक्का," ते त्या दुसऱ्या चेहऱ्याला म्हणाले. "अक्का, मला ठाऊक नव्हतं गं…"

शिवकन्यानं त्यांना धरून खाली बसवलं. पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते बोलले. ही गोष्ट तिनं जन्मात ऐकली नव्हती, तिच्या आईनंही नाही.

"माझ्यापेक्षा मोठी बहीण होती मला. बेबीनंदा. आमी तवा केदारखेड्याला ऱ्हायचो. तिच्या हनुवटीला अशीच खळी होती. स्थळ आलं की बाया म्हनायच्या, हनुवटीला खळी, घराला लाभायची न्हाई. दोन स्थळं मोडली. कुनीतरी तिला सांगितलं, बिब्ब्याचं तेल लावलं की जागा भरून येती. मला म्हनली, दाढ दुखून राह्यली, बिब्बे आन. मी अकरा वर्सांचा. पळत जाऊन आनले." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिनं सुईनं टोचून आत भरलं. फोड आले, तोंड सुजलं. तीन दिवस पदर धरून फिरली, कुनाला दाखवलं न्हाई. पाचव्या दिवशी गेली. एक फोटोबी न्हाई तिचा. शिवे… हे तोंड कुठून आनलंस तू?"

बिब्बा. तो जळकट, तेलकट वास. शिवकन्याला ती थंडगार बोटं आठवली. तिनं सगळं सांगितलं — डॉक्टर, दोन रस्ते, साचे. तो हात मात्र सांगितला नाही.

अण्णा फळीकडे न बघता उठले. "ती करू नको म्हनून सांगाया आलीये. माझ्या घरात अजून एक न्हाई जायला पायजे. ते तोंड घरातून ने."

*

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिनं दोन्ही चेहरे सोमेश्वरच्या खोलीत परत आणले. तो खाली प्लास्टरची पोती उतरवून घेत होता. "वर बसा, आलोच," म्हणाला. वीज गेलेली. फळ्यांवरचे चेहरे राखाडी अंधारात बसलेले. तिला आत्याचा चेहरा — हो, आता तो आत्याचाच होता — उघड्यावर ठेववेना. तिनं कपाट उघडलं.

कपाटात एकच गोष्ट होती. स्वच्छ पंच्यात गुंडाळलेली. तिनं पंचा सोडला.

तीच होती. ती स्वतः. सिलिकॉन नाही, हाड नाही, सात मिलिमीटर मागे असलेली. इतर सगळे चेहरे ओठ आवळून असायचे; हिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू राहून गेलं होतं. तिनं स्वतःला आजवर इतक्या जवळून, इतक्या शांतपणे पाहिलं नव्हतं.

"हा कुणाच्या उपयोगाचा?" जिन्यातून आलेल्या सोमेश्वरला तिनं विचारलं.

तो दारातच थांबला. "माझ्या."

"म्हंजे तुमालाबी वाटतं मी करू नये. अण्णांना वाटतं, आत्याला वाटतं, आता तुमाला—"

"माझं वाटणं त्यात धरू नका." त्यानं पोतं खाली ठेवलं. "तुमी सिलिकॉन टाका, हाड कापा, न्हाईतर काहीच करू नका. मला जे वाटतं ते त्यानं कमी-जास्ती व्हायचं न्हाई. पण… तुमी आता हाय तशा परत दिसणार न्हाई कधी. म्हणून एक ठेवला. विचारायला पायजे होतं. चुकलो."

"चुकलातच."

"घेऊन जा मंग."

तिनं पंचा पुन्हा गुंडाळला, जसा होता तसा, आणि चेहरा कपाटात होता तिथंच ठेवला. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. बेबीनंदाआत्याचं. बिब्ब्याचं. त्या हाताचंही.

तेवढ्यात फोन वाजला. शीतल मॅडम.

"स्कॅनचा रिपोर्ट कालच हातात आला. एक गंमत आहे, शिवकन्या. तुझ्या हनुवटीच्या हाडाला मधोमध खाच आहे, जन्मापासूनची. हाड आत असल्यामुळं वरून दिसत नव्हती. आपण हाड पुढं आणलं तर खळी पडेल बहुतेक. सिलिकॉन बसवला तर ती कायमची झाकली जाईल. सांगून ठेवते, निवडताना उपयोगी पडेल."

"मॅडम, हा रिपोर्ट सोमेश्वरना दिल्ता का तुमी?"

"नाही गं. माझ्याकडंच आहे."

फोन ठेवल्यावर दोघं आत्याच्या त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघू लागले. खोलीत वारा नव्हता. तरी कुठंतरी, अगदी हळू, काचेला काच लागल्यासारखं वाजलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही ऐकू आलं होतं.

"अण्णा म्हणतात, करू नको सांगाया आलीये ती," शिवकन्या म्हणाली. "पण तिनं माझी हनुवटी ढकलली न्हाई. धरली होती. लेकराची धरावी तशी. तिनं लपून केलं, एकटीनं. हात धरायला कुणी न्हाई. मला वाटतं… ती बघाया आली असंल. मी कसं करते ते."

"मंग कसं करणार?"

"हाडच. जे हाये तेच पुढं आणायचं. खळी पडली तर पडू दे. आन् सगळ्यांना सांगून."

सोमेश्वरनं पोतं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "मी बाहेर बसून ऱ्हाईन त्या दिवशी. चालंल का?"

"चालंल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या प्लास्टर लागलेल्या मनगटाला तिची बोटं लागली. गरम होतं ते. जिवंत.

*

अण्णा पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी मात्र आईच्याही आधी दवाखान्यात येऊन बसले. बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक अनोळखी तरुण बसला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तुमचं कोन हाये आत?"

"शिवकन्या मॅडम… मी साचे बनवतो."

अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "ती खळी कुठून आनली?"

"मी न्हाई आणली, काका. आपोआप आली."

अण्णांनी मान डोलावली. हे उत्तर त्यांना ठाऊकच असावं. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून एक मोसंबी काढली, सोलली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

ऑपरेशन दोन तास चाललं. नीट झालं. पाचव्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा अण्णा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, डोळे गच्च मिटून. आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा त्यांनी उघडले. सगळेजण श्वास रोखून होते — ते काय नाव घेतात म्हणून.

"शिवे," अण्णा म्हणाले, "लईच सुजलीस गं माय." आणि रडले.

सोमेश्वरनं एक गोष्ट तिला महिन्यानं सांगितली. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी तो खोलीवर गेला. दुसरा साचा फळीवरच होता, तोंड भिंतीकडे. त्यानं तो वळवला. हनुवटी साफ गुळगुळीत होती. खळी नव्हती. त्यानं बोट फिरवून पाहिलं, दिवा जवळ धरून पाहिला. कधी होती असंही वाटू नये इतकी गुळगुळीत.

"आन् तवापास्नं तोंड वळवीत न्हाई ती," तो म्हणाला. "भिंतीकडं ठेवली की भिंतीकडंच."

सूज उतरली, तसतशी आरशात हळूहळू एक बाई दिसू लागली. बरीचशी शिवकन्या. हनुवटीच्या मधोमध पुसटशी खळी. पहिले काही दिवस ती आरशासमोर गेली की आधी थांबायची, आरशातली बाई आपल्यासोबतच हलते ना, ते बघायची. हलायची. फक्त एखादवेळी, डोळ्याच्या कडेनं, क्षणभर उशिरा.

खालचा ओठ बधीर होता. चहा पिताना थेंब ओघळायचा आणि तिला कळायचंच नाही. सोमेश्वर आता दर रविवारी बदनापूरला यायचा. अण्णा त्याला बाग दाखवायचे, आई जेवायला वाढायची. थेंब ओघळला की तो स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खूण करायचा; ती पुसायची. चारचौघांत. संकोच न करता.

माघातल्या एका रविवारी त्यानं विचारलं. बागेत मोसंबी फुललेली होती, वासानं डोकं जड व्हावं इतकी.

"आईला मंठ्याहून बोलावून घेऊ का? अण्णांशी बोलायला…"

शिवकन्यानं मान खाली घातली. "थांबा जरा. मॅडम म्हणाल्या, ओठाला जाग येईल न्हाईतर येणारबी न्हाई. अर्धं तोंड मेलेलं असताना हो म्हणायचं न्हाई मला. जे म्हणायचं ते सगळ्या तोंडानं म्हणीन."

"आन् जाग न्हाईच आली तर?"

"तर तुमीच ठरवा, थेंब किती दिवस दाखवायचे ते."

"मी तर जन्मभर दाखवायला तयार हाये," तो म्हणाला. पण पुढं त्यानं पुन्हा विचारलं नाही.

फाल्गुन लागला. ऊन वाढलं. एका सकाळी सोमेश्वरला कामासाठी लवकर परतायचं होतं, म्हणून ती त्याला सोडायला स्टेशनावर आली. फलाटावर तुरळक माणसं, लांब रुळांवर उन्हाचं पाणी हलत होतं. तो काहीतरी सांगत होता — भोकरदनच्या एका म्हाताऱ्याची कवळी, असं काहीतरी. ती ऐकत होती आणि तिला वाटलं, ओठावर मुंग्या चढतायत. तिनं झटकायला हात नेला. मुंग्या नव्हत्या. आतून टोचत होतं, बारीक बारीक, मातीखाली बी हलावं तसं. मग जळजळ. मग — वारा. फाल्गुनातला कोरडा, गरम वारा तिच्या खालच्या ओठाला लागला आणि तिला तो लागलेला कळला.

तिचे डोळे भरून आले, एवढंच.

"काय झालं?" सोमेश्वर घाबरला. "दुखून राह्यलं का? मॅडमला फोन लावू?"

गाडीचा आवाज आला. तिनं डोळे पुसले, बाकावरची त्याची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

"मंठ्याची एसटी किती वाजता असती जालन्याहून?"

"मंठ्याची?… एक साडेअकराला. दुसरी दोनला. का?"

"दोनची म्हंजे उशीर होईल. साडेअकराचीच धरू. तुमच्या आईंना आधी फोन करा, मी येऊन राह्यले म्हणून. असं अचानक दारात उभं ऱ्हाणं बरं दिसत न्हाई."

तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. गाडी येऊन थांबली तरी बघत राहिला.

"चढा की जल्दी," शिवकन्या म्हणाली. "का हितंच साचा काढणार हाय माझा?"